कांदळवन: पंधरा रुपये स्क्वेअर फूट

कांदळवन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल. अशी वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की तिथल्या जंगलापासून मिळणाऱ्या फायद्यांची भरपाई म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य भरावं लागतं. 2022 च्या सुधारित दरांमध्ये याचा सर्वांत वरचा दर हेक्टरी साधारण 15.95 लाख रुपये आहे. एका हेक्टरात 1,07,639 स्क्वेअर फूट असतात. भागाकार केला तर स्क्वेअर फुटाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि आपण बोलतोय मुंबईतल्या कांदळवनाच्या जमिनीबद्दल.

पर्यायी लागवडीचा खर्च वेगळा घेतात, पण तो बहुतेक रोपांच्या हिशेबाने. दीड-दीड मीटरवर लावली की हेक्टरी 4,444 रोपं बसतात. खरा खर्च मात्र रोपांचा नसतोच. तो भराव काढण्याचा आणि पाण्याची वाट मोकळी करण्याचा असतो.

एक हेक्टर कांदळवनावर मीटरभर डेब्रिज पडलंय असं धरा. ते झालं 10,000 घनमीटर. एका डंपरमध्ये 10 घनमीटर मावतात असं मानलं तर 1,000 खेपा. वरचे 15.95 लाख सगळे या खेपांवर वाटले तरी खेपेला 1,595 रुपये येतात. त्यात पोकलेन, डिझेल, ड्रायव्हर आणि टाकायच्या जागेचे पैसे भागवायचे. म्हणून भराव पडू न देणं हेच सगळ्यात स्वस्त पुनरुज्जीवन आहे. रात्री एक डंपर अडवला की पुढची एक खेप वाचते, इतका हा हिशेब सरळ आहे.

तिवर हे कांदळवनातलं झाड. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढी श्वासमुळं वर आलेली असतात. झाड हवा घेतं ती त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून. त्यांच्यावर वीतभर माती टाकली किंवा पाणी तुंबून ती बुडालेली राहिली, की झाड शेंड्याकडून वाळायला लागतं. कुऱ्हाड लावावी लागत नाही. त्यामुळे बांध घालून भरती अडवणं हे तोडण्याइतकंच नुकसान आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवनं नष्ट करणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. भोवतालच्या 50 मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण आहे.

कांदळवन पुन्हा उभं करायचं काम सुरू करताना आधी भरतीचं कोष्टक घ्या. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्या कोष्टकात साधारण 2.5 मीटरवर येते. पालिका पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, ती उधाणाची बाजू. कांदळवन या दोन पातळ्यांच्या मधे वाढतं. खालचा उघडा चिखल रिकामा दिसतो, पण तो रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा चरायचा भाग आहे. तिथे रोपं लावली तर ती जास्त वेळ पाण्याखाली राहून मरतात आणि पक्ष्यांची जागाही जाते. रोपांचं टार्गेट गाठायच्या घाईत ही चूक वारंवार होते.

मग मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा पाइप, बघा. पाइपचा तळ खाडीच्या ओहोळाच्या तळाशी असायला हवा. तो रस्त्याच्या सोयीने वर बसवलेला असला तर उधाणाला पाणी आत येतं आणि ओहोटीला परत जात नाही. उन्हाळ्यात ते आटतं, क्षार साठतात, जमिनीवर पांढरी खपली धरते. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही बाजूंना रंगाच्या खुणा केलेले बांबू रोवा, एकदा अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि एकदा अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, पाणी मोजा. भरतीच्या माथ्यावर दोन्हीकडच्या पाण्यात वीतभर फरक असेल तर मोरी अपुरी आहे. गोल पाइप प्लास्टिकने लवकर तुंबतो, चौकोनी मोरी जास्त टिकते. आतल्या चरी माशाच्या काट्यासारख्या काढतात: मुख्य चर वर 3 मीटर रुंद, तळाला 1, खोली 1 मीटर, आणि तिरप्या उपचरी. त्या दरवर्षी गाळाने भरतात, म्हणून उपसण्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

पाणी नीट खेळलं की जवळपास मोठी झाडं असल्यास तिवराचं बी भरतीबरोबर स्वतःच येऊन रुजतं. तिथे लागवड केलीच नाही तरी चालतं. जिथे बी पोचत नाही तिथे पिशवीतली रोपं लावा, पिशवी फाडून. कांदळ या दुसऱ्या झाडाच्या लांब शेंगेसारख्या रोपाचा खालचा तिसरा भाग चिखलात रोवला की पुरे. शेवाळ आणि प्लास्टिक रोपांना गुंडाळतं, ते पहिलं वर्षभर हाताने काढावं लागतं. नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायच्या आधी ती का मेली ते शोधा, नाहीतर त्याच खड्ड्यात तेच पैसे पुन्हा जातात.

फायद्याचा हिशेब करताना प्रामाणिक राहायला हवं. मोकळं केलेलं 10,000 घनमीटर म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची जागा. पण उधाणाच्या माथ्यावर ती समुद्रानेच भरलेली असते, तेव्हा पावसाचं पाणी तिथे मावेल असं सांगू नये. पाणी उतरलेलं असताना पाऊस पडला तर ती जागा कामी येते. शिवाय कांदळवन लाटांचा जोर मोडतं, गाळ धरतं, कोळंबी, बोय आणि चिंबोरीची पिल्लं सांभाळतं. कोळीवाड्यांचं उत्पन्न त्यावर चालतं आणि ते कुठल्याच दरपत्रकात वेगळं दिसत नाही.

ठेकेदाराचे पैसे रोपांच्या संख्येवर ठेवले की रोपंच मिळतात. टेंडरमध्ये टप्पे असे असावेत: भराव ठरलेल्या पातळीपर्यंत उतरला की पहिला, भांगाच्या दिवशीही चरींमधून पाणी आत-बाहेर झालं की दुसरा आणि सगळ्यात मोठा, रोपं लागली की तिसरा. उरलेली रक्कम तीन पावसाळे झाल्यावर, आपोआप रुजलेली झाडंही मोजून.