मुदतवाढ

दसऱ्याला आमच्या घरी कॉम्प्युटरची पूजा होते. २००२ साली पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासूनचा बाबांचा हा नियम. कॅबिनेटवर हळदकुंकवाची बोटं, कीबोर्डवर झेंडूचं फूल, माऊसपाशी आपट्याचं पान. पूजा होईस्तोवर मेन स्विच बंद. यंदा २ ऑक्टोबरला पूजा उरकून बाबा पत्ते खेळायला बसले आणि पडदाभर सूचना उभी राहिली: विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपते आहे. ताजं कुंकू लावलेल्या कॅबिनेटला बारा दिवसांची नोटीस!

"काय रे, बंद पडणार का हे?"

"बंद नाही पडणार, बाबा. आहे तसं चालत राहील."

"मग संपतंय काय?"

बाबा सोळा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, तेव्हा मी सोसायटीच्याच भाषेत सांगितलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्तीवाला येतो. कुठे कडी सैल झाली, कुठे जाळी फाटली, ते बघून बुजवून जातो. आता तो फक्त शेजारच्या नव्या विंगेत जाणार. घोळ असा की दोन्ही विंगा बऱ्याचशा एकाच नकाशावर बांधलेल्या. तिकडे कुठली खिडकी दुरुस्त झाली हे चोरानं पाहिलं, की इकडची तीच खिडकी उघडी असणार हे त्याला न सांगता कळतं.

"आणि बँकेचं सगळं मी यावरच करतो," बाबा म्हणाले, आणि पत्ते न खेळताच उठले.

तेव्हा प्रश्न होता तो अकराव्या विंडोजचा. तिला येऊन चार वर्षं झाली होती आणि मी चार वर्षं 'नंतर आठवण करा' हे बटण दाबत होतो. (या बटणाचा शोध लावणारा नक्की आपल्याकडचा असावा.) दहा ही शेवटचीच विंडोज, असं कंपनीच्याच एका माणसानं २०१५ साली जाहीर भाषणात म्हटलं होतं. ते मला इतकं सोयीचं होतं की मी त्यावर मनापासून विश्वास ठेवला. आता मात्र तपासणीचा छोटा प्रोग्रॅम उतरवून चालवला. उत्तर आलं: आपला पीसी पात्र नाही.

कारणं वाचली तर थेट पत्रिकेचं प्रकरण. पहिला दोष टीपीएमचा. टीपीएम म्हणजे मशीनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. कधी वेगळी चिप असते, कधी प्रोसेसरमध्येच असते. तो दोष शांतीनं सुटला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पीटीटी (इंटेलचं प्रोसेसरमधलंच टीपीएम) नावाची एक ओळ शोधली आणि चालू केली. २०१७ पासून ती सोय आत होती, फक्त कुणी जागी केली नव्हती. दुसऱ्या दोषाला मात्र शांती नाही. प्रोसेसर सातव्या पिढीचा. थोडे अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच प्रवेश. लोकांच्या सात पिढ्या बसून खातात म्हणे. आमची सातवी नेमकी उंबऱ्यावर अडली.

भाचा रविवारी आला. "मामा, एवढं काय त्यात? पेन ड्राइव्ह बनवतानाच एक टिक केली की ती तपासणीच करत नाही. बायपास मारून देतो."

बायपास शब्दाला बाबांनी मान वर केली. "माझी झालीये. चौदा वर्षं चालतोय."

"आजोबा, तुम्हाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना नंतर? याला पुढे गोळ्या मिळतील याची हमी नाही. कंपनीनंच तसं लिहिलंय."

यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्याकडे विंडोज 'टाकतात', हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. सतरंजी टाकावी, गादी टाकावी, तशी. आणि फॉरमॅट 'मारतात', डासासारखा. पहिल्या कॉम्प्युटरवर असेंबलवाल्यानं ९८ टाकून दिली होती. सीडीवर मार्कर पेननं फक्त '९८' असं लिहिलेलं, बाकी काही विचारायचं नाही. दोन वर्षांनी फॉरमॅट मारून त्यानंच एक्सपी टाकली. त्या दुपारी मी कंट्रोल पॅनलमध्ये भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण केली, त्यानं सीडी मागितली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि मंगल फाँटमध्ये पहिल्यांदा 'आई' उमटलं. नुसतं उमटलं नाही, फाइलचं नाव म्हणूनही चाललं! आई स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली आणि म्हणाली, "एवढंसंच? मोठं कर की." मी ते पडद्याभर मोठं केलं.

अपग्रेड म्हणजे माझ्या डोक्यात अजून ते आहे. काहीतरी नवीन घरात येतं आणि माणसं हात पुसत बघायला येतात. यावेळी माझ्या हातात काय येणार होतं? गोल कोपऱ्यांच्या खिडक्या आणि मधोमध सरकलेलं स्टार्टचं बटण. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर अकराच आहे. बाबांनी एकदा तो हाताळला. त्यांचा हात वीस वर्षांच्या सवयीनं खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला, तिथे नेमकं हवामान बसलेलं. "स्टार्ट करायला गेलो तर पाऊस आला," ते म्हणाले. ते बटण सेटिंगमधून परत डावीकडे आणता येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. नको असलेल्या गोष्टीविरुद्ध एखादं कारण हाताशी असलेलं बरं.

तरी मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर विचारून आलो. दुकानदारानं प्रोसेसरचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "साब, बोर्ड चेंज, प्रोसेसर चेंज. रॅम चल जाएगा. डब्बा वही रहेगा." म्हणजे हळदकुंकू लावलेला तेवढा पत्रा आमचा. मी कोटेशनचा कागद घडी घालून खिशात ठेवला. पँटबरोबर तो धुऊनही निघाला.

भाच्यानं लिनक्स मिंटही दाखवलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. पेन ड्राइव्हवरून चालवून, डिस्कला हात न लावता. याच मशीनवर ते इतकं हलकं चाललं की मला जरा लाजच वाटली. एवढी वर्षं आपण हे मशीन म्हातारं म्हणत होतो. पत्ते होते, बँकेची साइट उघडली, मराठी तर काही न टाकता आलं. अडलं दोन जागी. सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल बाबांनी कुणाकडून तरी मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) घालून घेतली होती. ती मिंटमधल्या लिब्रऑफिसमध्ये उघडली, पण मॅक्रो हलेनात. आणि दुसरं म्हणजे 'पत्रव्यवहार' नावाचं फोल्डर.

त्यात दोनशेबारा फाइली आहेत. बाबांच्या सेक्रेटरीपणाची सगळी पत्रं: पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीची गळती, थकबाकी. सगळी शिवाजी फाँटमधली. तो जमाना आठवत असेल त्याला पुढचं सांगायला नको. त्या फाँटमध्ये मराठी नसतंच. आत असतात रोमन अक्षरं, आणि वरून त्यांना मराठी चेहरे चिकटवलेले. फाँट असेल तोवर 'मा. सदस्यांस विनंती' दिसते. फाँट नसला की नुसती रोमन खिचडी. भाच्यानं मिंटमध्ये एक पत्र उघडलं आणि तसंच झालं. बाबा चष्मा काढून, पुसून, परत घालून बघत राहिले.

"माझी पत्रं गेली?"

"नाही हो आजोबा, फाँट टाकला की दिसतील."

भाच्याचं बरोबरच होतं. तो फाँट मिंटमध्येही बसतो, अकरामध्येही बसेल. पण मला त्या क्षणी दुसरंच दिसत होतं. मी कुठलीही विंडोज निवडली, तरी हे फोल्डर एका फाँटच्या फाइलीवर लटकलेलं राहणार. ती फाइल मागे राहिली की सोळा वर्षांची बाबांची शुद्ध, कडक, कधीकधी अकारण खवचट मराठी कुणालाच वाचता येणार नाही. आणि मी दोन महिने स्टार्टच्या बटणावर विचार करत होतो.

शेवटी मी अस्सल देशी मार्ग धरला. मुदतवाढ घेतली. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पैसे भरून, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवून फुकट. मी दुसरा पर्याय घेतला. इन्कम टॅक्सवाल्यांनी तारीख वाढवली की जो हलकेपणा येतो, तोच आला. भाचा नाराज झाला. त्याच्या मते मी निर्णय टाळला. टाळलाच.

फक्त या वेळी वाढीव मुदतीत काहीतरी करायचं ठरवलंय. रोज रात्री जेवणानंतर दोन पत्रं युनिकोडमध्ये आणायची, म्हणजे फाँट बदलला तरी आतली अक्षरं मराठीच राहतील. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत. ते नव्वद टक्के काम करतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांत जीव काढतात. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे उलटापालट होताना ही दोघं भलत्याच्या डोक्यावर जाऊन बसतात. 'पार्किंग'चं 'पाकिर्ंग' होतं. ते हातानं सुधारावं लागतं. बाबा शेजारी खुर्ची ओढून मूळ प्रिंट घेऊन बसतात, आणि काम होतं निम्मंच, कारण प्रत्येक पत्राचं भांडण त्यांना नव्यानं आठवतं.

परवा नवीन कालनिर्णय आलं. बाबांनी आधी ऑक्टोबर काढला आणि १३ तारखेभोवती लाल पेननं गोल केला. मंगळवार, नवरात्र. मग बोट खाली सरकवत २० वर नेलं.

"दसऱ्याच्या आधी आठवडाभर संपतंय हे. मग पूजा कशाची करायची?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, बाबा."

"बरं. ते पाकिर्ंग झालं का दुरुस्त?"

"झालं."

"मग खालचा परिच्छेद बघ. तिथे 'स्कूटर' आहे, ती मी 'वाहन' लिहिली होती. मुद्दाम. तिसऱ्या मजल्यावरचा म्हणायचा, माझी स्कूटर नाहीच, मोपेड आहे."