गिसेनचा सैनिक

रविवार, रात्र

आज गिसेनला जाऊन आले. फ्रँकफर्टहून रेल्वेने तासाभराचासुद्धा रस्ता नाही. बास्केटबॉलची मॅच होती. जर्मनी म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो, पण या गावाला वेड आहे ते बास्केटबॉलचं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी प्रत्येक फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, दोन्ही मुठी आवळून बसत होत्या. आत गेला की मुठी सुटायच्या, हुकला की आवळलेल्याच राहायच्या.

परतीच्या गाडीत मात्र डोक्यात एकच माणूस होता, अर्नी बटलर. अमेरिकन सैन्यातला कृष्णवर्णीय सैनिक. युद्धानंतर या हेसेन भागात अमेरिकन छावण्याच छावण्या होत्या. जवळच्या फ्रीडबर्गला तर एल्विस प्रेस्लीनेही सैन्यातली नोकरी केली. बटलर गिसेनला आला आणि इथल्या क्लबकडून खेळू लागला. १९६५ साली गिसेन पहिल्यांदा जर्मनीचं विजेतं झालं, त्या संघात तो होता.

त्याच्या मायदेशात रंगावरून वेगळं बसवण्याला बंदी घालणारा कायदा झाला तो १९६४ साली, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी. सैन्यातला भेद मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ चा, पण युरोपातल्या तुकड्यांपर्यंत तो पोहोचायला आणखी काही वर्षं गेली. अमेरिकन सैन्यातले कृष्णवर्णीय जनरल कॉलिन पॉवेल तरुणपणी याच भागात, गेल्नहाउसेनला होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय सैनिकांना जर्मनीत मोकळा श्वास घेता आला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जर्मनांच्या मनात भेद नव्हता असं मी म्हणणार नाही. पण खेळून झाल्यावर सगळ्यांच्या टेबलावर बसून जेवता येणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल! परमुलखात राहणाऱ्या माझ्यासारखीला ती फार आतून कळते.

बटलर सॅक्सोफोनही वाजवायचा, जॅझ. बास्केटबॉल म्हणजे जॅझच, असं तो मानायचा. मला हे लगेच पटलं. ठेका सगळ्यांना ठाऊक असतो, एकजण तान घेत दूर निघून जातो, बाकीचे त्याला सांभाळतात आणि सगळे मिळून समेवर येतात. आज एका बुटक्या गार्डने न बघता मागे पास दिला, तेव्हा अख्ख्या हॉलमधून अगदी मैफलीतली दाद उठली.

गिसेनच्या त्या संघात होल्गर गेश्विंडनर नावाचा तरुणही होता. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो पश्चिम जर्मनीचा कर्णधार झाला. गणित-भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस बटलरची ती जॅझची शिकवण आयुष्यभर बाळगून राहिला. नव्वदच्या दशकात श्वाइनफुर्टला एका हॉलमध्ये त्याला एक उंच, किडकिडीत शाळकरी मुलगा दिसला, डर्क नोवित्स्की. त्याला शिकवताना त्याने चेंडूच्या कमानीचं गणित मांडलं, पुस्तकं वाचायला लावली, वाद्य हातात दिलं. सरावाच्या वेळी म्हातारा बटलर सॅक्सोफोन वाजवतोय आणि त्या लयीत डर्क पावलं टाकतोय, असंही घडलं. तोच डर्क २०११ साली डॅलसच्या संघाला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, जिंकून देतो. २०२३ मध्ये मनिलाला सर्बियाला ८३–७७ हरवून जर्मनी जगज्जेती झाली, ती डर्कला टीव्हीवर बघत मोठ्या झालेल्या पोरांच्या जोरावर.

सगळं श्रेय एकट्या बटलरचं नाही, हे मलाही कळतं. छावण्यांमधून असे कितीतरी सैनिक गावोगावच्या क्लबांत जाऊन खेळले, त्यातल्या बहुतेकांची नावंही कुणाला आठवत नसतील. पण डर्कचं नाव घेताना बटलरचं नाव गळून पडतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. सैन्यातली मुदत संपल्यावर सरकारी खर्चाने घरी परत जाता येत असताना तो या देशात राहिला, खेळला, वाजवत राहिला.

पुढच्या घरच्या मॅचला लेकीला घेऊन जाणार आहे. शाळेच्या संघात नुकतीच तिची निवड झालीय आणि तिच्या खोलीत डर्कचं पोस्टर आहे. बटलरबद्दल तिला जातानाच, गाडीत सांगेन.