एक जून आणि चार किलोचा गोळा

१ जून २०२५, रविवार

सकाळपासून फोन नुसता टुंगटुंग करतोय. आमचा रिटायर्ड शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस आज असतो, कोण कुणाला शुभेच्छा देतंय काही पत्ता लागत नाही, नुसते केक आणि जोडलेले हात. आमच्या पिढीला यातली गंमत सांगायला नको. वडील शाळेत नाव घालायला घेऊन गेले की गुरुजी आधी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचे, पोचला की झालं, लिहा एक जून. आई सांगायची की मी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी झालो, म्हणजे माझा खरा वाढदिवस अजून पाच महिने लांब आहे.

या एक जूनवर माझा लई दिवस राग होता. त्याच्यामुळं ३१ मे २०१३ ला अठ्ठावन्न भरली म्हणून नारळ हातात घेऊन घरी आलो, खरी तारीख लागली असती तर दिवाळीपर्यंतचा पगार मिळाला असता ना! पण आज गुरुजी असते तर पाया पडलो असतो. मी गोळाफेकीला उतरतो त्या मास्टर्सच्या, म्हणजे पस्तिशीच्या पुढच्यांच्या, स्पर्धांना कागदावरची तारीख धरतात आणि आजपासून मी सत्तर प्लस.

लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडं काळजीनं बघतात. सत्तरी लागली म्हणून खूश होणारा माणूस त्यांनी बघितलेला नसतो. पण मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढं दर पाच वर्षांचा एक गट असतो, त्यामुळं आमचं वय सरळ वाढत नाही, पाच वर्षं म्हातारं होत जायचं आणि परत एकदम ज्युनियर. गेल्या वर्षी मी ६५ ते ६९ मध्ये ६९ चा, आणि समोर नुकतीच पासष्ट लागलेली दणकट पोरं (पोरं म्हणतोय मी, नातवंडं आहेत त्यांना). आता माझ्या गटात सगळ्यात लहान मीच. वर गोळासुद्धा हलका झाला, साठीत पाच किलो असतो, सत्तरीत चार. ऐंशी लागली की तीन, पण ते पुढचं पुढं.

चार किलोचा गोळा म्हणजे महिलांचा गोळा. आमच्याकडं सकाळी कॉलेजची एक मुलगी प्रॅक्टिसला येते, तिचाच मागून घेतला. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, ग्राऊंडची पार वाट लागलीय, फक्कीची एक रेघ राहिलेली नाही, सर्कलमध्ये शेवाळ धरलंय, ग्लाईड मारायची, म्हणजे सरकत येऊन गोळा टाकायची, हिंमत झाली नाही म्हणून उभ्यानंच टाकले. चिखलाचा एक फायदा मात्र असतो, गोळा जिथं पडतो तिथंच रुतून बसतो, टेप धरताना भांडण नाही. पाच किलोनं माझं बेस्ट ७.९२ मीटर आहे. आज चौथ्या फेकीला ९.०६ गेला! मी परत मोजायला लावला. मग ती मुलगी म्हणाली, आजोबा, सुटताना कोपर खाली येतंय तुमचं. एकतीस वर्षं पीटीचा सर म्हणून हेच वाक्य मी पोरांच्या मागं लागून ओरडत होतो, पण माझंही कोपर खाली येतं हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

येताना प्रीतिसंगमावरून आलो. तिथं आमच्या वयाची सगळी मंडळी फिरायला असतात, हातात गोळ्याची पिशवी बघून एकजण म्हणालेच, वा सर, तब्येत छान ठेवलीय, असंच पाहिजे, या वयात हालचाल महत्त्वाची. हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. अहो मी हालचाल करायला जात नाही, खांदा रात्रभर ठणकतो, गुडघ्याला पट्टा बांधून फिरतोय, तब्येतच पाहिजे असती तर तुमच्यासारखा कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवल्या नसत्या का. मला कोल्हापूरच्या त्या रिटायर्ड ड्रायव्हरला हरवायचंय. दोन वर्षं तो मला मागं टाकतोय, मागच्या वेळी तर अकरा सेंटिमीटरनं. म्हाताऱ्या माणसाला जिंकायची हाव असते हे लोकांना पटतच नाही, त्यांना वाटतं ह्यांचा टाईमपास चाललाय.

आणि मी तरी काय वेगळं केलं? तालुक्याला हरून पोरं टेम्पोत मुसमुसत बसायची, तेव्हा मी म्हणायचो, अरे भाग घेणं महत्त्वाचं. साफ खोटं बोलायचो. त्या रात्री मला स्वतःला झोप लागायची नाही. पालकांचं तर वेगळंच, त्यांचा एकच प्रश्न, सर दहावीला ग्रेस मार्क बसतील का. कुस्तीत ऑलिम्पिकचं मेडल आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथं आमच्या कराडला लागून, त्यांची गोष्ट दर वर्षी सांगायचो, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. आता वाटतं, पोराची तब्येत चांगली राहावी म्हणून कुणी घर गहाण टाकतं का? ते पैसे मेडलसाठी होते. खर्डेकर सरांना ते कळलं होतं, मी मात्र गोष्टीचं तात्पर्य दर वेळी जिद्द आणि चिकाटी असलं काहीतरी सांगून मोकळा व्हायचो.

दुपारी जेवताना हिला म्हणलं, खरं तर मी अजून एकोणसत्तरचाच आहे, पाच महिने आधी सत्तरच्या गटात घुसणं म्हणजे चीटिंग नाही का. पोरांचे वयाचे दाखले तपासताना मी किती कडक होतो ते तिला माहितीय, एकदा स्वतःच्याच टीममधला एक मुलगा मी वयावरून बाहेर काढला होता. ही म्हणाली, तुमच्या गटात माणसं किती असतात? म्हणलं गेल्या वर्षी सत्तर प्लसला दोघंच होते. मग मेडल तर असंही मिळणारच आहे, बिनधास्त जावा, आणि भात घेऊ का अजून. मी काही बोललो नाही. तिघांत तिसरा येऊन ब्राँझ घेऊन यायचं म्हणजे... पण कोल्हापूरकर आता मागच्या गटात राहिला एवढं समाधान होतं.

संध्याकाळी सातला त्यांचाच फोन. वाढदिवसाच्या शुभेच्छा सर! म्हणलं, धन्यवाद हो, तुम्हाला कसं कळलं? तर गडी खो खो हसत सुटला. म्हणे, कळायचं काय त्यात, माझं पण नाव शाळेत गुरुजींनीच घातलं की. आजपासून मी पण सत्तर.

फोन ठेवला आणि त्या मुलीला मेसेज टाकला, उद्या गोळा घेऊन साडेपाचलाच ये, कोपराचं बघायचंय.