एसएसडी गेलीय म्हणे

आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइकं रोगाचं नाव ठरवूनच येतात. हा लॅपटॉपही तसाच आला. ‘एसएसडी गेलीय, नवी टाकावी लागेल, आणि ते लिनक्सचं खूळ काढून टाका’ असं आधीच्या दुकानात सांगितलं होतं. एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या, कासच्या पठारावर संशोधन करणाऱ्या. नकाशांचं काम उबंटूत, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर, प्रबंध विंडोजमध्ये वर्डला. खूळ वगैरे काही नाही, दोन्ही लागतंच.

मी विचारलं, नेमकं होतं काय?

“दादा, सकाळी चालू केला की ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. तसंच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की पुष्कळदा सुरू होतो. मग दिवसभर काही त्रास नाही.”

एसएसडीवरचा माझा संशय इथेच उडाला. बिघडलेली एसएसडी काम चालू असताना दगा देते, मधेच गोठते, निळा स्क्रीन दाखवते. सकाळी रुसून मग संध्याकाळपर्यंत इमानेइतबारे राबणं हा तिचा स्वभाव नव्हे. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, पाहिलं तर एसएसडी दर वेळी हजर. गैरहजर राहायची ती शेजारची एक टीबीची जुनी हार्ड डिस्क. बायोसचं ते पान उघडायला एक मिनिटही लागत नाही, पण एसएसडी विकायची घाई असली की तेवढंही सुचत नाही.

आता प्रश्न असा, की विंडोज आणि उबंटू दोन्ही एसएसडीवर असताना फोटो साठवायच्या डिस्कशी बूटिंगचा संबंध काय?

उत्तर उबंटूनेच दिलं. एकदा ग्रब मेनू (विंडोज की उबंटू ते विचारणारी यादी) आला, उबंटू निवडलं आणि गाडी मधेच अडली. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’, पुढे दीड मिनिटाची मोजणी, आणि शेवटी इमर्जन्सी मोड. लोक हे पाहून पॉवर बटण दाबून धरतात. मी मात्र कोणत्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कोणत्या कप्प्याची, वाट पाहिली जातेय ते वाचतो. तिथे यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, होता फक्त आठ अक्षरांचा, मधे एक आडवी रेघ. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीच्या पार्टिशनचा यूयूआयडी लांबलचक असतो. असा आखूड असतो फॅट३२ पद्धतीच्या पार्टिशनचा. आणि उबंटू सुरू होताना हटकून मागतो असं फॅट३२ पार्टिशन म्हणजे ईएसपी, जिथे बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम, राहतात. ग्रब त्यांपैकीच एक.

लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) लावून डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके कमांड मारली. एसएसडीवर १६ एमबीचं रिझर्व्ह्ड पार्टिशन, विंडोज, उबंटू. ईएसपी नाहीच! ते होतं हार्ड डिस्कवर. लॅपटॉप मूळचा हार्ड डिस्कवाला, एसएसडी नंतर बसवलेली. ती बसवताना कुणीतरी हार्ड डिस्क जागेवर ठेवूनच विंडोज टाकलं. इन्स्टॉलरला जुनं ईएसपी दिसलं, त्याने तेच वापरलं. पुढे उबंटूचा ग्रबही तिथेच जाऊन बसला. म्हणजे घर एसएसडीवर आणि किल्ल्या म्हाताऱ्या डिस्ककडे. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये स्पिन रिट्राय काउंट (फिरायला पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न) वाढलेला, पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागाही होत्या. थंड असताना डिस्क वेळेत फिरू लागायची नाही, बायोस तिची वाट न पाहता पुढे निघून जायचं. रीस्टार्टच्या वेळी ती आधीच फिरत असायची, म्हणून सापडायची.

आधी पठारावरचे फोटो डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने काढून घेतले. त्याआधी बाकी कशाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. मग विंडोज थोडं आकसून एसएसडीवर ३०० एमबीचं नवं ईएसपी केलं, बीसीडीबूट कमांडने विंडोज सुरू करायच्या फाइल त्यात टाकल्या. लाइव्ह यूएसबीवरूनच उबंटूत शिरून (याला क्रूट म्हणतात) एफएसटॅब या पार्टिशनांची यादी असलेल्या फाइलमध्ये नवा यूयूआयडी लिहिला, ग्रब पुन्हा बसवला. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, तो चालू केल्याशिवाय मेनूत विंडोज दिसत नाही. यावरून ‘विंडोज उडालं’ म्हणून रडत आलेले मी पाहिलेत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू नव्हतं हे नशीब, नाहीतर ४८ आकड्यांची रिकव्हरी की शोधत बसलो असतो. शेवटी हार्ड डिस्क काढूनच टाकली आणि लॅपटॉप रात्रभर बंद ठेवला. सकाळी पहिल्या झटक्यात मेनू आला. दोन्ही सिस्टिम सुरू झाल्या.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मॅडमनी त्या दुकानात पैसे भरून नवी एसएसडी घेतली असती, तरी हार्ड डिस्क आतच राहिली असती. म्हणजे नवं विंडोजही पुन्हा त्याच ईएसपीला टेकलं असतं. प्रबंध गेला असता, पैसे गेले असते आणि चार दिवसांनी पुन्हा तीच सकाळ. मग म्हणाले असते, मदरबोर्ड गेला. इन्स्टॉल करताना दुसरी ड्राइव्ह काढून ठेवायला चार स्क्रू लागतात. ज्याने पहिल्यांदा एसएसडी बसवली त्याने तर लॅपटॉप उघडलेलाच होता!

लॅपटॉप न्यायला मॅडमबरोबर त्यांचे काका आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण पार्ट कुठला बदललात?”

“कुठलाच नाही काका.”

“मग पैसे कसले?”

पार्टचे पैसे लोक मुकाट्याने देतात, शोधून काढल्याचे द्यायला जिवावर येतं. समजावण्यात अर्थ नव्हता. काढलेली हार्ड डिस्क मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, “हां, ही खराब झाली होती होय!” म्हणाले आणि घासाघीस न करता पैसे मोजले.