स्वस्त द्राक्षांची किंमत कोण मोजते?

जर्मनीत माइन्झ परिसरात राहायला आल्यापासून ऱ्हाइनकाठचे द्राक्षमळे पाहताना मन सारखे नाशिकला, दिंडोरी-निफाडच्या बागांकडे धावते. येथील द्राक्षे वाइनसाठी, आपली मुख्यतः खाण्यासाठी. परंतु दोन्हीकडे बाग उभी राहते ती बाहेरून येणाऱ्या मजुरांच्या हातांवर.

येथे तोडणीला रुमानिया आणि पोलंडमधून माणसे येतात. जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून ताशी ८.५० युरो किमान वेतन लागू केले, २०२५ मध्ये ते १२.८२ युरो झाले, आणि हे किमान वेतन परदेशी हंगामी मजुरालाही लागू असते. सारेच आदर्श आहे असे नाही, कारण अल्पकालीन हंगामी कामाला सामाजिक विम्यातून सूट असल्याने त्या श्रमाची म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनात भर पडत नाही. तरीही माणसाची अडचण पाहून त्याचा तास याहून स्वस्तात विकत घेता येणार नाही, एवढे कायद्याने ठरवले आहे.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, शेंडा खुडणे, विरळणी, मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवणे, ही सारी कामे हातांनीच होतात. विरळणीत कोणता मणी काढायचा आणि कोणता राखायचा हे टोळीतल्या बाईच्या बोटांना कळते. निर्यातीला लागणारा मण्याचा आकार बऱ्याच अंशी तिथेच ठरतो. एवढ्या कौशल्याला आपण नुसते मजूरकाम म्हणतो, आणि किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये, समान वेतनाचा १९७६ मध्ये होऊनही पुष्कळ बागांत बाईचा रोज पुरुषापेक्षा कमीच असतो.

बागायतदाराची बाजू मला ठाऊक आहे. अवकाळी पाऊस, कर्ज, ऐन वेळी भाव पाडणारा व्यापारी, यांत तोही भरडला जातो. पण म्हणून द्राक्षांच्या स्वस्ताईचा भार सर्वांत दुबळ्या माणसावर टाकणे न्याय्य ठरत नाही, कारण मग खाणाऱ्याला अनुदान देते ती सुरगाण्याची बाई.

ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेमुळे युरोपला गेलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत लावता येतो. औषधांचे अवशेष तपासण्यासाठी ही व्यवस्था आपणच उभारली. त्याच काटेकोरपणे टोळीचा ठरलेला दर, कामाचे तास आणि प्रत्येकीला दिलेली मजुरी बागेच्या वहीत लिहिली जावी, आणि युरोपातील खरेदीदाराने भाव ठरवण्यापूर्वी ती वही मागावी.