आमची वाटचाल : 26 वर तुटणारी लाइन

1987 साली पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी दूरदूरचे संगणक टेलिफोन लाइनने जोडायचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे सोल्डरिंग आयर्न, 25 पिनी कनेक्टरांचा डबा आणि एक ब्रेकआउट बॉक्स, म्हणजे केबलच्या प्रत्येक पिनवर सिग्नल आहे का ते दिव्यांनी दाखवणारी पेटी. तो बॉक्स आजही माझ्या टेबलावर आहे. त्याचा एक दिवा गेलाय, पण 15 आणि 17 नंबरचे पेटतात, आणि सिंक्रोनस लाइनला, म्हणजे दोन्ही टोकं एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात त्या लाइनला, तेच दोन लागतात. मोडेमचं घड्याळ त्यांच्यावरून येतं. ते नसेल तर ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, शिव्या घालण्यात अर्थ नाही.

पहिलं मोठं काम पिंपरीच्या एका कारखान्याचं. त्यांच्याकडे डेक कंपनीचा पीडीपी-11/23 हा मिनी संगणक होता, त्यावर आरएसएक्स-11एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालायची, आणि तो मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या आयबीएम मेनफ्रेमशी, म्हणजे मोठ्या संगणकाशी, 3780 बायसिंक या आयबीएमच्या संदेशपद्धतीने जोडायचा होता. ठेका मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने घेतला होता, आम्ही त्यांच्या हाताखाली. त्यांनी पाठवलेला ड्रायव्हर डीयूपी11 या लाइन कार्डाचा निघाला. ते कार्ड युनिबसचं, आमचं यंत्र क्यू-बसचं (कार्डं जोडायच्या डेकच्या या दोन वेगळ्या पद्धती), त्यात डीपीव्ही11 कार्ड. रजिस्टरांची मांडणीच वेगळी. ड्रायव्हर लोड केला की सगळी सिस्टिम कोसळायची आणि शॉप फ्लोअरवरून फोन सुरू व्हायचे. आम्ही कळवलं, तर उत्तर आलं, "तुमचं केबलिंग चुकलं असेल." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मग ड्रायव्हरची शोधाशोध. डेकच्या वापरकर्त्यांची डेकस ही संघटना होती, तिचे लोक एकमेकांना टेपांवर सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, देत. माझ्या भागीदाराचा मावसभाऊ अमेरिकेहून येताना 1600 बीपीआयचं एक रीळ घेऊन आला, म्हणजे मॅग्नेटिक टेपचं. त्यातही डीयूपी11चाच ड्रायव्हर होता, पण या वेळी मॅक्रो-11 या असेंब्ली भाषेतला सोर्स हातात होता. भागीदाराने तीन आठवडे बसून तो डीपीव्ही11 साठी नव्याने लिहिला. सेकंदाला 4800 बिटांच्या लाइनवर 600 अक्षरं, आणि या कार्डाला डीएमए (थेट मेमरीत लिहिण्याची सोय) नाही, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक इंटरप्ट, प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा. त्याने प्रोग्रॅममधली एकेक जास्तीची सूचना मोजून काढून टाकली. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

लाइन लागली. साध्या मजकुराच्या फायली सरळ यायच्या. पगाराची मास्टर फाइल मात्र मध्येच तुटायची, आणि दर वेळी त्याच कामगारापाशी. मोठ्या कंपनीने आमचं बिल रोखलं आणि कारखान्याला सांगितलं, पीडीपी काढा, आमचं नवीन यंत्र घ्या. खोलीचं भाडं थकलं. भागीदाराने स्कूटर विकली.

कारखान्याच्या ईडीपीचे, म्हणजे संगणक विभागाचे, साहेब रोज संध्याकाळी मशीन रूममध्ये येऊन बसत. एका रात्री त्यांनीच त्या कामगाराच्या रेकॉर्डचा हेक्स डंप, म्हणजे बाइटांची सोळाच्या पायावरच्या आकड्यांतली छापील यादी, समोर ठेवला आणि पेन्सिलीने एका बाइटवर गोल केला : 26. पगाराचे आकडे पॅक्ड डेसिमलमध्ये होते, एका बाइटमध्ये दोन अंक. एबसिडिक या आयबीएमच्या अक्षर-संकेतात 26 म्हणजे ईटीबी, ब्लॉक संपल्याची खूण! मेनफ्रेम ट्रान्सपरंट मोडमध्ये पाठवत होती, सुरुवातीला डीएलई-एसटीएक्स लावून; त्या मोडमध्ये आधी डीएलई असेल तरच खूण ही खूण, नाहीतर साधा आकडा. आमचा ड्रायव्हर तो डीएलई टाकून द्यायचा आणि आकड्यातला 26 दिसताच ब्लॉक संपला असं समजायचा. पुढचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे चूक पकडायची बेरीज, म्हणून तपासायचा, ते जुळणार कुठून? नॅक, म्हणजे 'चुकलं, परत पाठवा', पुन्हा तेच, पुन्हा नॅक, शेवटी लाइन खाली.

ट्रान्सपरंट मोड घातला, तरी सीआरसी चुकत राहिली. नियंत्रणासाठी जोडलेला डीएलई सीआरसीत धरायचा नसतो, आणि कार्ड तो धरत होतं. मग सीआरसीचं काम कार्डाकडून काढून घेतलं आणि 256 आकड्यांच्या तक्त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये केलं. पहाटे साडेचारला अख्खी मास्टर फाइल उतरली. साहेबांनी स्वतः कँटीनमधून चहा आणला.

उद्घाटनाच्या पाटीवर नाव मोठ्या कंपनीचं लागलं. आमचं बिल त्यांनी अर्धंच दिलं, बाकीचं आजतागायत आलेलं नाही. पण साहेबांनी देखभालीचा करार थेट आमच्याशी केला आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी स्वतः सही करून वाढवला. त्या एका सहीवर आमची पेढी उभी राहिली. पुढची दहा-बारा वर्षं काम नीट चाललं.

अजूनही कोणी ना कोणी जुन्या यंत्राचा ड्रायव्हर शोधत येतं. त्यांना माझं सांगणं एकच : आधी कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या हँडलवरचा एम नंबर वाचा. एम8020 म्हणजे डीपीव्ही11, एम7867 म्हणजे डीयूपी11. आरएसएक्सची आवृत्ती एम आहे की एम-प्लस, तेही बघा, एकीचा ड्रायव्हर दुसरीवर तसाच चालत नाही. आणि सोर्स मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

भागीदार 2009 मध्ये गेला. त्याच्या हातची लिस्टिंग, म्हणजे त्या ड्रायव्हरची छापील प्रत, हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर आहे, कपाटात, वरच्या खणात. ट्रान्सपरंट मोडच्या रूटीनशेजारी पेन्सिलीने साहेबांचं नाव आणि तारीख लिहिली आहे.