12 जणांशी जमलं, मग आपल्याशीच का नाही?

चीनशी आपली सीमा का ठरत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो आणि दर बॅचला हे येतंच: सर, चीनने 14 पैकी 12 शेजाऱ्यांशी जमिनीवरची सीमा ठरवून टाकली, मग आपल्याशीच घोडं कुठे पेंड खातंय? (दुसरा उरलेला भूतान. त्याची आठवण कुणालाच होत नाही.)

माझं मत असं, की घरात आग लागली की चीन बाहेर मन मोठं करतो. 1959 मध्ये तिबेटची राजधानी ल्हासात उठाव झाला आणि 1960 ते 63 या काळात ब्रह्मदेश, नेपाळ, मंगोलिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान यांच्याशी एकामागोमाग करार उरकले. सोव्हिएत संघ फुटल्यावर पश्चिमेकडचा शिनजियांग प्रांतही फुटेल अशी धास्ती वाढली, तेव्हा कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानशी मिटवलं.

ताजिकिस्तानचं प्रकरण तर बघण्यासारखं आहे. पामीरमधल्या सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर दावा आणि मिटलं कितीवर? जेमतेम हजारभरावर. 2011 मध्ये ताजिक संसदेने मान्यता दिली, सरकारने तर तो विजय म्हणून मिरवला. काटोल-उमरेडकडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात आधी अख्खं वावर मागायचं आणि शेवटी हातभर पट्टी घेऊन गप्प बसायचं, हे त्यांनी घरीच पाहिलेलं असतं.

रशियाशी 1969 मध्ये उसुरी नदीवर गोळ्या झडल्या होत्या. तरी 2008 मध्ये खाबारोव्स्कजवळचं मोठं बेट दोघांनी वाटून घेतलं.

सौदा आपल्यापुढेही आला होता. एप्रिल 1960 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले, तेव्हा पूर्वेकडे (आजच्या अरुणाचलात) तुमचं चालू द्या, लडाखकडचं अक्साई चीन आमच्याकडे राहू द्या, असा त्यांचा सूर होता. शिनजियांग-तिबेट रस्ता तिथूनच जातो ना! नेहरूंनी मानलं नाही. आज त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्या वेळच्या लोकसभेपुढे असला सौदा कोण घेऊन गेला असता? पुढे तिबेटवर पकड बसली, चीनची नड संपली आणि 1985 च्या सुमारास त्याने मागणीच फिरवली. आता त्याला पूर्वेकडचं, अरुणाचलातलं तवांगही हवं होतं.

मग पोरं विचारतात, आता मिटेल का? मला तरी लवकर दिसत नाही. 2005 च्या करारात सीमाभागात वस्ती करून राहिलेल्या लोकांचं हित जपायचं, असं दोघांनी लिहून दिलं होतं. तवांग त्यात बसतं, असं आपण धरून चाललो. दोनच वर्षांत चीनने सांगितलं, नुसत्या वस्तीने आमचा दावा कमी होत नाही.